शिट्टी वाजली की पाणी

आज सकाळी उठले तर खिडकीची काच धुरकटलेली. बोटानं पुसून पाहिलं, तरी समोरच्या घराचा जिना दिसेना. आदिलाबादची थंडी अशीच येते, आदल्या दिवशी काही कळू देत नाही. लोकांना तिचं कौतुक. हैदराबादकडचे नातेवाईक फोन करून विचारतात, यंदा पारा कुठवर उतरला, जणू आम्हीच तो धरून खाली ओढतो. मला मात्र ती नको असते. मी चहाचं आधण ठेवायच्या आधी फोन उचलला आणि माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीला, सुनंदाला लावला. बराच वेळ वाजत राहिला. तिनं घेतला नाही.

आंघोळीला गेली असेल. फोन चार्जिंगला लावून बाहेर गेली असेल. मनाची समजूत घालायला मी पटाईत आहे, पण मन माझं ऐकत नाही, ही खरी अडचण. आमचं घराणंच भित्र्यांचं. बाबा दुकानाचं शटर ओढतात, कुलूप लावतात, घरापर्यंत येतात आणि कुलूप लागलं की नाही ते बघायला परत जातात. आई एसटी स्टँडवर गाडी सुटायच्या कितीतरी आधी जाऊन बसते आणि बाकीचे प्रवासी अजून कसे आले नाहीत म्हणून घाबरते. मी त्यांची एकुलती एक लेक. कॉलेजात मुली मला ‘सांभाळून बाई’ म्हणून हाक मारायच्या, कारण माझं प्रत्येक वाक्य त्याच दोन शब्दांनी संपायचं. पण ती सगळी किरकोळ भीती होती, हसण्यावारी नेण्याजोगी. खरी भीती एका हिवाळ्यात माझ्याकडे आली आणि मग कायमची मुक्कामाला राहिली. काचेवर धुकं दिसलं की आजही ती सगळ्यात आधी उठून बसते.

तो हिवाळा पांढरा होता. जैनथच्या बाजूला, पैनगंगेच्या काठापर्यंत नजर जाईल तिथं कापसाची पऱ्हाटी फुटलेली. रस्त्यानं कापसाचे टेम्पो चालले की दोन्ही कडेच्या बाभळींना पुंजके लागून राहायचे. अंगणात, ओसरीवर, काही घरांत तर पलंगाखालीसुद्धा कापूस. वेचणीला माणूस मिळत नाही ही एकच ओरड जो तो करत होता. आणि आमच्या कॉलेजात त्याच दिवसांत पैसे गोळा करायची स्पर्धा ठरत होती. सिकलसेल झालेल्या मुलांसाठी काम करणारी एक छोटी संस्था होती. तिच्या ताई वर्गात येऊन बोलून गेल्या होत्या. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, आणि मग हाडांत अशा कळा येतात की मोठा माणूस ओरडतो. त्यांना औषधांसाठी आणि मुलांना दवाखान्यात नेण्यासाठी मदत हवी होती. सरांनी ठरवलं की वर्गावर्गाच्या तुकड्या पाडायच्या. जी तुकडी जास्त गोळा करील तिला ढाल.

डबे घेऊन बाजारात फिरायचं, असं सगळ्यांच्या डोक्यात होतं. सुनंदा उभी राहिली. ती जैनथकडच्या एका गावची, कापूसवाल्यांच्या घरची. दोन वर्षं माझ्याच बाकावर बसणारी, बारीक चणीची, बोलायला फटकळ.

"डबा वाजवत फिराची मले लाज वाटते," ती म्हणाली. "गावोगावी कापूस पडून हाय. आपन वेचू. शेतकरी मजुरी देते, ते संस्थेले द्यू. ज्याचा कापूस वजनात जास्त, त्याची ढाल."

वर्ग उसळलाच. विठ्ठल तामसीचा, अंगापिंडानं दणकट, त्यानं बाकावर मूठ आपटली. सरांची मातृभाषा तेलुगू, आमच्याशी ते हिंदीतच बोलायचे. त्यांनी खूश होऊन विचारलं, "काँटा कौन लाता जी?" एवढ्यावर स्पर्धा ठरली. मला वेचता येत नव्हतं, म्हणून नियम करायचं आणि पंच व्हायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

संस्थेच्या ताई पुन्हा आल्या त्या दिवशी कॉलेजात तपासणी होती. बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त. मी भिऊन सुनंदाचा दंड धरला आणि तिला रांगेकडे ओढू लागले. ती जागची हलेना. मग उलट तिनंच मला ओढत पाण्याच्या टाकीमागं नेलं.

"मले तपासाची गरज नाई, माधे," ती म्हणाली. "मले हायच तो."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. ती वर्गात मधूनमधून आठवडाभर दिसायची नाही, आली की ‘हाडं दुखत होते’ म्हणायची, जिन्याच्या मध्यावर थांबून उगाच खिडकीबाहेर बघायची, ते सगळं एका क्षणात जागेवर बसलं. नदीपलीकडचं एक स्थळ तिला बघायला येणार होतं. धाकटी बहीण मागोमाग लग्नाची होत होती. गावात फक्त आईबापाला माहीत होतं. "कोनाले सांगशील तं तुह्याशी बोलनार नाई," ती म्हणाली. मी शपथ घेतली. टाकीतून पाणी ठिबकत होतं आणि मला वाटत होतं, हे कोणी ऐकत तर नाही ना.

त्यानंतर मी एकही दिवस निर्धास्त झोपले नाही. संस्थेनं दिलेली माहिती मी परीक्षेला बसल्यासारखी वाचून काढली. या रोगाच्या माणसाला गारठा सोसत नाही. तहान सोसत नाही. दमणं सोसत नाही. मी कागद मिटला आणि आमच्या स्पर्धेचा विचार केला. भल्या सकाळी ओल्या रानात उतरायचं, दिवसभर वाकून राहायचं, वेळ जाईल म्हणून पाणी टाळायचं. या रोगासाठी आम्ही जी स्पर्धा काढली होती, तिच्यात या रोगाला हवं ते सगळं होतं. आणि सुचवलं होतं तिनंच!

"तू काट्यावर बस," मी तिला म्हटलं. "वजन लिहून घे."

"अन् वेचल कोन, तू?" ती हसली. मग हसू आवरून म्हणाली, "लहानपनापासून मले समदे बसवूनच ठेवतेत. खेळाले निंगाली, तू बस. लग्नात नाचाले निंगाली, तू बस. वेचाले मी कोनालेई ऐकत नाई, माधे. एक डाव तरी जिंकू दे मले."

मला तिचा राग आला, आणि त्या रागाच्या तळाशी पुन्हा भीतीच होती.

चहा झाला. कपात तसाच राहिला. मी पुन्हा फोन लावला. या वेळी वाजलाच नाही. ती तेलुगूत बोलणारी रेकॉर्डची बाई आली, थंडपणे सांगून गेली की आपण फोन करताय ती व्यक्ती उपलब्ध नाही. या बाईचा आवाज मला अजिबात आवडत नाही. कुणाचं काय झालं याची तिला काही पडलेली नसते.

पहिल्या वेचणीला मी सुनंदाच्या शेतात गेले होते, स्पर्धेसाठी शेत बघायचं म्हणून. त्या दिवशी त्यांची सीतादही होती. शेतकऱ्यांच्या घरची ही पद्धत मला दुकानदाराच्या पोरीला ठाऊक नव्हती. वेचायला हात लावायच्या आधी पऱ्हाटीच्या बुडाशी दगड मांडतात, हळदकुंकू वाहतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि उरलेला दहीभात रानात उधळतात, रान दह्यासारखं पांढरं होऊ दे म्हणून. सुनंदाची आई पऱ्हाटीच्या ओळींमधल्या काकरांतून दहीभात फेकत चालली होती. मी हात जोडले आणि डोळे मिटून सीतामाईला कापसाबद्दल एक शब्दही न बोलता भलतंच काहीतरी मागितलं. डोळे उघडले तर काकू माझ्याकडेच बघत होत्या.

"तुले सांगतलं वाटते तिनं," त्या म्हणाल्या.

मी मान हलवली.

काकूंनी दह्याचा हात पदराला पुसला. सुनंदा लांब होती, बहिणीशी काहीतरी भांडत होती. "मंग तूच ध्यान ठेवजो, माय. मी आली तं ते चिडते. उन निंगाल्याबिगर रानात उतरू देजो नोको. अन् पानी पाजजो. इचारू नोको, पाजजो." त्यांनी माझ्या तळहातावर दहीभात ठेवला. आपलं लेकरू असं दुसऱ्याच्या हातावर ठेवतात का कोणी?

मग मी नियम करायला बसले. भित्र्या माणसाला नियम करायला बसवलं की तो काय करतो, ते त्या दिवसांत सगळ्या कॉलेजनं पाहिलं. ऊन वर आल्याशिवाय सुरुवात नाही. ओला कापूस बाद. स्वेटर सक्तीचा. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, शेकोटी. आणि थोड्या थोड्या वेळानं पंच शिट्टी वाजवतील. शिट्टी वाजली की प्रत्येकानं वेचणं थांबवून पेलाभर पाणी प्यायचं, न पिणाऱ्याच्या तुकडीचं वजन कापायचं.

"स्पर्धा हाय का बालवाडी?" विठ्ठल म्हणाला. "दव हाय तवरच कापूस भरते. दवातला कापूस काट्यावर बोलते, बाप्पा. हे कोनालेई माहीत हाय."

सगळे हसले. दवानं भिजलेला कापूस जड भरतो, हे खरंच सगळ्यांना माहीत होतं. कापसाच्या मुलखातली पोरं, वजनावर ढाल म्हटल्यावर त्यांच्या डोक्यात दवाशिवाय दुसरं काय येणार? सरांना मात्र पाण्याचा नियम आवडला. "पानी पीना अच्छा है जी," ते म्हणाले, आणि शिपायाकडून लाल दोऱ्याची एक शिट्टी मागवून माझ्या गळ्यात घातली.

बोर्ड रंगवताना विठ्ठल मजकूर सांगत होता. "लिवा, आदिवासी लेकरं वाचवा."

"आदिवासीच काऊन?" मी विचारलं. माझा आवाज मलाच बारीक ऐकू आला.

"मंग? तो गोंडायचा रोग हाय. आपल्यात कुठी?"

सुनंदा खाली बसून अक्षरं भरत होती. तिनं मान वर केली नाही. ‘आ’चा काना तिनं सावकाश, सरळ ओढला, कुंचला पाण्यात बुडवला आणि पुढच्या अक्षराला लागली. मला ओरडावंसं वाटत होतं. शपथ नावाची गोष्ट किती जड असते, ते तेव्हा कळलं. मी नुसती रंगाचे डबे सरकवत राहिले.

स्पर्धेच्या दिवशी असंच धुकं होतं, आजच्यासारखं. ऊन निघाल्यावर सुरुवात, असं ठरलेलं, म्हणून मी त्या वेळच्या ऑटोनं निघाले. शेताच्या वळणावर उतरले आणि पाहिलं तर टेम्पो आधीच उभा. धुक्यात ठिपके हलत होते. पोरं अंधार पुरता विरायच्या आतच रानात उतरली होती. सगळ्याच तुकड्या, एकमेकींना न सांगता, एकच हुशारी करून. शेकोटी कुणी पेटवलीच नव्हती. पऱ्हाटीला हात लावला की मनगटापर्यंत ओलं होत होतं. आणि सगळ्यांच्या पुढं, कमरेला लुगड्याच्या फडक्याची ओटी बांधून, दोन्ही हातांनी बोंडं रिकामी करत चाललेली सुनंदा. ते फडकं आणि सलवार मांडीपर्यंत भिजली होती.

मी शिट्टी वाजवली. कुरकुरत सगळे थांबले, पेले फिरले. पण मी सुनंदावर डोळा ठेवून होते. तिनं पेला तोंडाशी नेला, माझ्याकडे पाठ केली आणि पाणी अलगद काकरात ओतून दिलं. तिच्या शेजारच्या मुलींनीही तेच केलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या उघड्या रानात मुलींना जायला आडोसा कुठं होता? पाणी प्यायचं, तर मग दिवसभर काय करायचं? एवढे नियम केले, पण हे मला सुचलं नव्हतं.

थोड्या वेळानं मी पुन्हा वाजवली. मग पुन्हा. विठ्ठल ओरडला, "अवं, शिट्टी हाय का खेळनं?" तेवढ्यात सुनंदाचा डावा हात बोंडावरून सुटला आणि कमरेवर गेला. तिनं तो तसाच दाबून धरला. उजव्या हातानं वेचत राहिली, हळू, मग आणखी हळू. तिची मान ताठ झाली होती. मला हाक मारता येईना, कारण हाक मारून काय सांगणार? माझ्याकडे फक्त ती शिट्टी होती. मी ती वाजवली आणि थांबवलीच नाही. श्वास संपला की घेत होते आणि परत वाजवत होते. डोळ्यांतून पाणी वाहून शिट्टीत जात होतं, तिचा आवाज फाटत होता, पण मी वाजवत होते.

"बंद कर ते!" सुनंदा वळून किंचाळली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

सगळे गोळा झाले. विठ्ठलनं माझ्या गळ्यातला दोरा धरला. "याड लागलं का हिले?"

"सोड तिले," सुनंदा म्हणाली. ती काकरात बसली, ओटीतला कापूस तिच्या मांडीवरून सांडला. "तिले काऊन बोलतं? माह्यासाठी वाजवून राह्यली ते. तुह्या बोर्डावरचा रोग हाय ना, तो मले हाय."

विठ्ठलच्या हातातून दोरा सुटला. मग ती कळ आली, आणि तिनं आईला मारलेली हाक मी अजून विसरले नाही. तिला उचलून टेम्पोकडे नेलं तर टेम्पोत विठ्ठलच्या तुकडीची गाठोडी रचलेली. तिला त्यांच्यावर निजवायचं असं कुणीतरी म्हणालं. विठ्ठलनं एका गाठोड्याला हात लावला. "ओलं हाय हे. गार लागल तिले," तो म्हणाला, आणि पहाटेपासून वेचलेलं सगळं त्यानं एकामागून एक खाली रस्त्यावर फेकलं. स्वतःचा स्वेटर काढून तिच्या पायांना गुंडाळला. तेवढ्यात पोचलेले सर पुढं बसून ड्रायव्हरला "जल्दी जी, जल्दी" म्हणत होते. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बाटलीच्या बुचानं पाणी पाजत होते. विचारत नव्हते, पाजत होते.

दवाखान्यात सलाइन चालू होतं, कळा येत होत्या आणि जात होत्या. काकू आल्या. त्यांना काय तोंड दाखवू, या भीतीनं मी भिंतीला चिकटले होते. त्या सरळ माझ्याकडे आल्या, गळ्यात अजून लटकत असलेली शिट्टी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली आणि माझं डोकं छातीशी ओढलं. बस. रडू मला आलं, त्यांना नाही.

त्या वर्षी ढाल कुणालाच दिली नाही. नदीपलीकडचे पाहुणे आले नाहीत, निरोपसुद्धा नाही. सुनंदा त्यावर बोलली नाही. बरी झाल्यावर मात्र एका दुपारी आली, रंगाचा डबा घेऊन, आणि विठ्ठलला म्हणाली, "चाल, बोर्ड दुरुस्त करू." ‘आदिवासी’ त्यानंच खोडलं. आता ती त्याच संस्थेत काम करते, बोथ या गावी राहते, गावोगावी जाऊन लोकांना रक्त तपासायला बसवते. गोळ्या वेळेवर घेते म्हणते. मी विश्वास ठेवते आणि ठेवत नाही. तिला मध्येच दवाखान्यात भरती केल्याचे फोन मला आलेले आहेत, आणि ते नेमके अशाच दिवसांत येतात. लोक म्हणतात, भीती सोडून द्यावी. मला ते जमलं नाही. तिच्या निमित्तानं मी जी भ्यायला शिकले, त्याला माया म्हणायला मला संकोच वाटतो, पण माझ्याकडे मायेचा दुसरा प्रकार नाही.

काच आता निवळली होती. जिना दिसत होता. माझं आपलं एकच चाललं होतं: काकूंना लावू का? लावला आणि त्यांनीच रडत उचलला तर? फोन हातात घेऊन मी ओट्याशी उभी राहिले, आणि तो हातातच वाजला.

"काऊन व, इतके फोन?" सुनंदा. मागं वारा, माणसांचा गलबला. "रानात हाव. रेंज नाई इथी."

"रानात? या गारठ्यात?" माझा आवाज चढला.

"उन निंगाल्यावरच आली, बाई. कॉलेजवाल्यायची स्पर्धा हाय. नवे पोट्टे हायेत समदे." ती धापा टाकत नव्हती, मी कान देऊन ऐकलं. "पोरीयसाठी कापडाचा आडोसा बांधला. काट्यावर कोरडाच कापूस. अन् नियम तुह्येच चालून राह्यले. मी एका पोट्टीले इचारलं, शिट्टी वाजली का पानी काऊन पेता? तं म्हन्ते, माहीत नाई ताई, आपल्या इथं वेचाची पद्धतच हाय तशी."

मी फोन कानाशी घट्ट धरला.

"थांब," ती म्हणाली, "वाजवाची येळ झाली. माह्याच गळ्यात हाय."

फोनमधून शिट्टी आली, लांब, धड, न फाटलेली. मग एकदम शांतता, पेल्यांचा आवाज, कुणीतरी घटाघटा प्यायलेलं. सुनंदाही पीत होती. तो प्रत्येक घोट मी ऐकला.

"मी पेली," ती म्हणाली. "तू?"

मी माठावरचा पेला उचलला. थोडं पाणी ओट्यावर सांडलं. उरलेलं मी उभ्यानंच पिऊन टाकलं.